पेटी की रूळ

१ एप्रिल, मंगळवार

ही वही कनोएने आणून दिली. माझी नात, मला टूटू म्हणते, म्हणजे आजी. वय एकोणीस, बोलणं सत्तरीचं. आम्ही लाटांवर उभं राहायच्या फळ्या करतो. मागच्या महिन्यात एका फळीवर ओतायच्या रेझिनमध्ये मी ते घट्ट करणारा हार्डनर घालायला विसरले आणि फळी तीन दिवस काकवीसारखी चिकट राहिली. सगळं खरवडून काढावं लागलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तर ही म्हणते, "टूटू, काय घातलं, किती घातलं, लिहून ठेवत जा."

मी आठवीत शाळा सोडली आणि अननसाच्या कारखान्यात लागले. तिथे सुरी चालवायची होती, पेन्सिल नाही. तेव्हा अक्षराला कुणी हसू नये. हसणार कोण म्हणा, वही कुणाला दाखवणारच नाही.

आजचं काम: गिऱ्हाइकाची एक फळी, शेपटीकडे काचेच्या कापडाचे दोन थर. हार्डनर घातला. दोनदा वास घेऊन पाहिला. वारा पूर्वेचा, जोराचा.

नवरा, वेंडेल, सकाळी "फिरून येतो" म्हणून ट्रक घेऊन गेला. आमच्याकडे मासे धरायला जाणारा माणूस मासे धरायला जातो असं कधी म्हणत नाही, फिरून येतो म्हणतो, माशांना कान असतात. घरच्यांनीही कुठे चाललास विचारायचं नसतं. विचारलं की बादली रिकामी. मी विचारलं नव्हतं, तरी रिकामीच घेऊन आला आणि दुपारभर झोपला.

८ एप्रिल, मंगळवार

वेंडेलला फॉइलची फळी करायची आहे. स्वतःसाठी. एकाहत्तराव्या वर्षी.

फॉइल म्हणजे फळीच्या पोटाखाली हातभर दांडा आणि दांड्याच्या टोकाला विमानासारखा पंख. लाटेचा वेग लागला की पंख फळीला पाण्याबाहेर उचलतो. माणूस वल्हं हातात धरून हवेत उभा, खाली नुसता दांडा पाणी कापत जातो. कनोए त्यावर शर्यती मारते. आमच्या शेडमध्ये आता साध्या फळ्या कमी आणि ह्याच जास्त. त्या करायला माझी ना नाही. पण नवऱ्याने त्यावर उभं राहायचं म्हणजे काय?

"कशाला?" मी विचारलं.

"मालिकोहून बंदरापर्यंत मी शेकडो वेळा गेलोय. सगळ्या वेळा पाण्यावरून. एकदा पाण्याला न शिवता जायचंय."

"पण कशाला?"

"कनोए म्हणते, वर उचललं की आवाज बंद होतो. लाटांचा, फळीचा, सगळा."

"तुला तसंही ऐकू येत नाही."

"तुझं येतं," तो म्हणाला आणि फोम कापायला गेला.

आजही फिरून आला. आजही मासा नाही.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी दुआर्ते आला, गोड पाव घेऊन. हा आमचा पलीकडच्या गल्लीतला कारागीर, पोर्तुगीज बापाचा, तोंड बंद ठेवायला पाव लागतो म्हणून स्वतःच आणतो. चौघांनी मिळून ठरवायचं होतं: फॉइल फळीला धरवायचं कसं. पेटी की रूळ?

पेटी म्हणजे फळीत आरपार खाच कोरून बसवलेली. दांड्याचं डोकं तिच्यात पाचरीसारखं घट्ट बसतं, वरून दोन बोल्ट. हलत नाही, कुरकुरत नाही. पण एकदा बसली की जागा कायमची. माणूस जड असेल तर पेटी पुढे, हलका असेल तर मागे. म्हणून आधी माणसाचं वजन घ्यायचं आणि मगच करवत चालवायची.

रूळ म्हणजे पोटाला शेजारी शेजारी दोन लांब खोबणी. दांड्याच्या पायाला चौकोनी पत्रा, पत्र्याला चार बोल्ट. सैल करा, पुढेमागे सरकवा, आवळा. सोय आहे, पण मला पटत नाहीत. फळीच्या नुसत्या वरच्या कापडी कातड्यात बसतात. नीट नाही बसवले तर लाटेच्या एका हिसक्यात फोमसकट बाहेर. तसे तीन मी पाहिलेत, किडके दात उपटल्यासारखे.

"पापा, रूळ घे," कनोए आजोबाला म्हणाली. "आज एका जागी, उद्या वाटलं तर बोटभर मागे."

"उद्या कशाला वाटेल?"

कनोएने पावाचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "कुणालाही वाटू शकतं."

"ज्याला स्वतःचं वजन माहीत नाही त्याने रूळ घ्यावेत. माझं चाळीस वर्षं एकच आहे."

"विनोदही एकच आहेत," दुआर्ते म्हणाला.

कनोएने माझ्याकडे पाहिलं. असं, की आता तू बोल. मी बोलले. पेटी. माझ्या हातची पेटी आजवर एक हललेली नाही. तर पोरगी उठून गेली, जाताना दार आपटलं. चार शर्यती जिंकल्या की कारागिरीही आली असं वाटतं ह्यांना.

२२ एप्रिल, मंगळवार

वेंडेलचं वजन घेतलं. शेडमध्ये मोठा काटा आहे, कारखाना बंद पडला तेव्हा मी उचलून आणलेला. अननसाचे खोके आणि माणसं, दोन्ही बरोबर दाखवतो.

स्वारी जाकीट घालून आली. एप्रिलमध्ये.

"काढ ते."

"वारा आहे."

"समुद्रावर जाकीट घालून उभा राहणार आहेस?"

"तू दोन पौंड वजा कर, वाद घालू नकोस."

एकशे चौऱ्याऐंशी. जाकिटाचे दोन गेले, राहिले एकशे ब्याऐंशी. लग्नानंतर पोट सुटलं तेव्हापासून हाच आकडा. तिथल्या तिथे फळीवर पेन्सिलीने रेघ मारली.

कनोए दारात उभी होती. म्हणाली, "टूटू, परत एकदा घे ना." मी म्हटलं, काटा माझा, डोळे माझे. तुझं काम कर.

रात्री जेवताना त्याने पोईला हात लावला नाही. आंबट झालीय म्हणे. अळूच्या कांद्यांचा आंबवलेला लगदा, पोई आंबट नाही तर काय होणार? ताटातला मासा कुत्र्याला घातला. कुत्रा मात्र गोलमटोल झालाय. वेंडेल महिनाभर बाहेर ओसरीवर झोपतो, आत उकडतं म्हणून. झोपू दे. घोरणं तरी ऐकावं लागत नाही.

५ मे, सोमवार

पेटी बसवली. खाच कोरताना श्वास धरून कोरली. कापडाचे थर पोटाकडून पाठीपर्यंत ओढून घेतले, म्हणजे पेटी नुसती चिकटलेली नाही, दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे. हार्डनर घातला. रेझिन स्वच्छ बसलं, एक बुडबुडा नाही. स्वतःच्या कामाची स्तुती करू नये, पण मग करणार कोण? वेंडेलने अंगठा फिरवून पाहिला. "चांगली आहे," म्हणाला. आमच्या घरात ह्याला भाषण म्हणतात.

११ मे, रविवार

वेगासहून मुलगी आली, कनोएची आई. तिकडे हॉटेलात कामाला असते. चार वर्षांत नाताळलासुद्धा रजा मिळाली नाही, आणि आता अचानक आठ दिवस. आल्यापासून बापाच्या मागे मागे. त्याला फळं कापून देते, त्याचे फोटो काढते. मी म्हटलं, हा काही मुहूर्तावर निघालेला नवरदेव नाही. तर बाथरूममध्ये जाऊन बसली. तिकडच्या कोरड्या हवेने माणसं हळवी होतात.

२७ मे, मंगळवार

आज वेंडेल फिरायला गेला नाही, फळी घेऊन कनाहाच्या किनाऱ्यावर गेलो. पहिला दिवस.

दहा वेळा उभा राहिला, दहा वेळा पडला. वेग येतो, फळी उचलते, आणि लगेच नाक आभाळाकडे, जसं काही घोडं पुढचे पाय उचलतं. पंख पाण्याबाहेर येतो आणि माणूस पाठीवर. मग कनोए त्याच फॉइलला स्वतःची फळी लावून गेली. तीर सुटल्यासारखी.

"पेटी पुढे झालीय," वेंडेल धापा टाकत म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणाले. बरीच माणसं होती, सगळी हसली. तोही हसला. कनोए नाही हसली.

४ जून, बुधवार

परत तेच. ह्या वेळी दांडा मांडीला लागला, हातभर काळंनिळं. वाळूवर बसला तो बराच वेळ उठला नाही. मी म्हटलं, सोड हे, म्हातारपणी थोबाड फोडून घेशील. तो म्हणाला, "दिवस मोजकेच असतात, पुआ." मी म्हटलं, कसले दिवस? तो म्हणाला, "वाऱ्याचे."

५ जून, गुरुवार

सकाळी सगळे बाहेर होते तेव्हा फळी उलटी टाकली. दोरी लावली, पट्टी लावली. शेपटीपासून पेटीच्या मागच्या कडेपर्यंत मोजलं. तीनदा. सूतभरही इकडेतिकडे नाही.

म्हणजे माझं चुकलेलं नाही. फॉइलचं नाही, कनोएने तेच वापरलं. समुद्र सगळ्यांना एकच. मग उरलं काय? नाक वर उसळतं, म्हणजे वरच्या माणसासाठी पंख फार पुढे आहे. पंख पुढे आहे, म्हणजे माणूस हलका आहे. हे मी गिऱ्हाइकांना हजारदा समजावलंय. टाळूवर टपली मारून समजावलंय.

वेंडेल आला तेव्हा मी काट्यापाशीच बसले होते.

"इकडे ये. उभा राहा ह्यावर."

"आत्ता?"

"शर्ट काढून."

त्याने आधी दार लोटलं. मग शर्ट काढला, खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला. एवढ्या नीट त्याने आयुष्यात कधी शर्ट अडकवला नसेल. उभा राहिला. एकशे सत्तावन्न.

मी त्याच्या बरगड्यांकडे पाहिलं नाही. काट्याकडे पाहिलं.

"पाण्यात बुडी मारायचा शिशाचा पट्टा कुठे आहे?"

"खुंटीवर."

"त्या दिवशी कुठे होता?"

"जाकिटाखाली."

"किती होता?"

"वीस. आधी दुआर्तेच्या काट्यावर बघून आलो होतो, बरोबर ब्याऐंशी यावं म्हणून."

"हुशार पहिल्यापासूनच."

"हो."

"काय झालंय?"

"स्वादुपिंड."

ते कुठे असतं मला माहीत नाही. तसं म्हटलं. त्याने माझा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला, बरगड्यांच्या खाली, आतल्या बाजूला. रेझिनने माझी बोटं खरखरीत झालीत, मी लगेच काढून घेतली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वाऱ्याचे दिवस संपेपर्यंत."

"शर्ट घाल. गारठशील."

त्याने घातला. बटणं लावता लावता म्हणाला, "पुआ, पेटी काढता येईल का?"

६ जून, शुक्रवार

कनोएला धरलं. "तुला माहीत होतं."

"मार्चपासून. मेमध्ये त्याला ट्रक चालवेना, तेव्हापासून मीच नेते दर मंगळवारी, वायलुकूच्या दवाखान्यात. सुई लावून चार तास बसवतात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"त्याने शपथ घातली होती. पहिल्या दिवसापासून मी रूळ रूळ म्हणून ओरडत होते, अजून कसं सांगायचं? आणि तू तरी कधी विचारलंस?"

"फिरायला जाणाऱ्याला विचारायचं नसतं."

"मासे धरायला जाणाऱ्याला विचारायचं नसतं, टूटू. पापाचे गळ दोन महिने तुझ्या कामाच्या टेबलावर टांगलेले आहेत. रोज त्यांच्याखाली बसून कापड कापतेस."

शेडमध्ये जाऊन पाहिलं, टांगलेलेच होते.  रीत आहे हे खरं. माझ्या आजीनेही कधी विचारलं नाही. पण ती रीत मला सोयीची होती का, हे कोण सांगणार?

जाकीट, पोई, ओसरीवरची झोप. मुलगी वेगासहून आली. सगळं ह्याच वहीत लिहिलंय, माझ्याच हाताने. मागची पानं वाचली. फाडावीशी वाटली. कागद चांगला आहे, ठेवली.

९ जून, सोमवार

पेटी कापून काढली. माझ्या हातची सगळ्यात चांगली पेटी. इतकी पक्की होती की दोन पाती तुटली. दुआर्ते म्हणाला, "पुआ, नवीन फळी कर, ही कशाला फाडतेस?" मी म्हटलं, नवीन फळीला सहा आठवडे, तू मोज. त्याने मोजले असावेत. चष्मा लावला आणि धूळ ओढायच्या नळीकडे जाऊन उभा राहिला.

मग मला म्हणाला, "तो माझ्या काट्यावर उभा राहिला तेव्हा मला वाटलं पैज लावलीय कुणाशी."

"लावलीच होती," मी म्हणाले.

१२ जून, गुरुवार

रूळ बसवले. नुसते कातड्यात नाही. पेटीच्या खड्ड्यात कठीण फोमचा ठोकळा भरला, पाठीपर्यंत, त्यात रूळ रुतवले, वरून कापडाचे चार थर. ट्रक बांधून ओढला तरी निघणार नाहीत. हार्डनर घातला. एका कोपऱ्यात सुरकुती राहिली. ती घासून काढली नाही. पोटाखाली आहे, कोण बघतंय.

वेंडेल खुर्चीवर बसून पाहत होता. "रूळ मजबूत नसतात म्हणायचीस."

"इतरांचे नसतात."

१७ जून, मंगळवार

दवाखान्यात मी घेऊन गेले. तिथल्या पोरीने विचारलं, "आंटी, तुम्ही इतके दिवस कुठे होता?" मी म्हटलं, कामात. चार तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बाटलीतून थेंब थेंब पडतं. आम्ही रेझिन ढवळताना एवढी सावकाशी ठेवली असती तर बादलीतच दगड झाला असता. तसं मी बोलले. तो हसला, सुई लावलेला हात हलला, पोरगी ओरडली. दोघांनाही.

२१ जून, शनिवार

कनाहाला गेलो. आधी काट्यावर. एकशे पंचावन्न. चारही बोल्ट सैल केले, पत्रा मागे सरकवला, आवळले. रुळाच्या कडेला पेन्सिलीने खूण केली आणि बाजूला आकडा लिहिला.

फळी पाण्याबाहेर वर आली. शंभर पावलं गेला असेल. मग पडला, पण पुढे पडला, पाठीवर नाही. मी किनाऱ्यावरून ओरडले, "अजून सूतभर पुढे घ्यायला पाहिजे!" त्याने पाण्यातून अंगठा दाखवला.

लोकांना वाटलं असेल ही बाई नवऱ्याला सुखाने पोहूसुद्धा देत नाही.

५ जुलै, शनिवार

एकशे एक्कावन्न. परत मागे. नवीन खूण. आता खुणा दोन झाल्या. शेजारी शेजारी. फळी बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, ह्या कसल्या रेघा? मी म्हटलं, वेगवेगळ्या लोकांसाठी आहेत.

८ जुलै, मंगळवार

डॉक्टर आज माझ्याशी बोलले. तरुण आहे, समोर बसून बोलतो, तेवढं बरं. म्हणाला, आता सुई थांबवली तरी चालेल. मी विचारलं, समुद्रावर जाऊ द्यायचं का? तो वेंडेलकडे बघत म्हणाला, "मी असतो तर गेलो असतो." मी म्हटलं, तुला पोहता येतं का? नाही म्हणाला. ह्यांचं असंच.

१५ जुलै, मंगळवार

सकाळी वारा चढला. नारळाची झाडं वाकली होती. वेंडेल पायऱ्यांवर येऊन म्हणाला, "फिरून येतो."

मी विचारलं, "कुठे?"

आमच्या घराण्यात असं कधी कुणी विचारलं नसेल. तो थांबला.

"मालिकोहून बंदरात," तो म्हणाला. "चल."

काट्यावर उभा केला. एकशे अठ्ठेचाळीस. पत्रा मागे घेतला. रुळात अजून दोन बोटं जागा उरली होती. खूण केली.

मालिकोच्या घळीत मी दोघांना उतरवलं. कनोए तिच्या फळीवर, तो त्याच्या. खडकांतून बाहेर पडेपर्यंत पोटावर झोपून हाताने वल्हवत गेले, नंतर लाटेमागे दिसेनासे झाले. मी ट्रक घेऊन बंदरावर गेले. रीतच आहे तशी, एकाने शेवटी थांबायचं. ठरल्याप्रमाणे भिंतीवर जाऊन उभी राहिले.

दोन तास. मला दिसलं काय, तर एक मालवाहू जहाज. हळूहळू आलं, हळूहळू वळलं.

मग फोन वाजला. कनोए. "टूटू, कनाहाला ये. बंदरापर्यंत नाही जमलं."

गेले. तो वाळूवर बसला होता, कनोएचा टॉवेल पांघरून. ओठ निळे. तिने शेवटचा पल्ला त्याला फळीवर झोपवून, दोरीने ओढत आणला होता. तिचे हात सोलून निघाले होते.

मी विचारलं, "गेलास?"

"गेलो."

"कुठून कुठे?"

"होओकिपाचा किनारा मागे टाकला तेव्हा फळी वर आली. ती पाइआचं जपानी देऊळ दिसेपर्यंत."

"मध्ये टेकली नाही?"

"नाही."

"नाक वर गेलं?"

"एकदाही नाही," तो म्हणाला. मग कनोएकडे बघून, "सांग तिला." कनोएने मान हलवली. म्हणाली, मी मागे होते टूटू, मला गाठता आला नाही.

"आणि आवाज?"

"खरंच नव्हता. इतका नव्हता की शेवटी मीच ओरडलो."

"काय ओरडलास?"

"नाही सांगत."

ट्रकमध्ये बसवेपर्यंत झोपला. मी दोन तास चुकीच्या ठिकाणी उभी होते. देऊळ रस्त्यावरूनही दिसतं. तिथे थांबले असते तर दिसला असता. पण ठरलं होतं बंदर.

२ ऑगस्ट, शनिवार

ओसरीवर दवाखान्याचा पलंग आणला. त्याला समुद्राकडे तोंड हवं होतं, मधे शेजाऱ्याची चिंच आहे. दुआर्तेने शेजाऱ्याला न विचारता दोन फांद्या कापल्या. शेजारी भांडायला आला, वेंडेलला बघून परत गेला. दुसऱ्या दिवशी तिसरी फांदी त्याने स्वतःच कापली.

९ ऑगस्ट, शनिवार

आता त्याला मी एकटी उचलते. आंघोळीला, पलंगावर. कनोए म्हणते थांब, मी धरते. मी म्हटलं, आयुष्यभर फळ्या उचलल्यात. एक हात मध्यावर, एक शेपटीकडे, आणि दाराच्या चौकटीला कडा लागू द्यायची नाही.

काट्यावर आता उभा करत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दिवसभर झोपून होता. संध्याकाळी जाग आली तर म्हणाला, "तू हसवलंस लोकांना. अंगण वाकडं म्हणून."

मला वाटलं भ्रमात आहे. नव्हता. त्या दिवसाचं लक्षात ठेवलं होतं.

मी म्हटलं, "तू खोटं वजन दिलंस."

"हो."

"मग फिटलं."

"फिटलं," तो म्हणाला. थोड्या वेळाने विचारलं, "वारा कसा आहे?" मी सांगितलं, आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वेंडेल गेला. सकाळी साडेसहाला. वारा पूर्वेचा.

२४ ऑगस्ट, रविवार

माणसं येतात. भाताची पातेली, मासे, पाव. फ्रीज भरून गेलाय. सगळे म्हणतात, पुआ, तू किती खंबीर. मला कळत नाही खंबीर म्हणजे काय करायचं असतं. मुलगी वेगासहून आली, ह्या वेळी बाथरूममध्ये गेली नाही, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. चाळिशी ओलांडलेलं जड डोकं. पाय बधिर झाला तरी हलवला नाही.

एक गिऱ्हाईक विचारायला आलं, ती फॉइलची फळी विकणार का. दुआर्तेने त्याला गेटपर्यंत पोचवलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

शनिवारी राख समुद्रात सोडायची. सगळे आपापल्या फळ्या घेऊन मालिकोच्या तोंडाशी गोल करून बसणार. आमच्याकडे असंच करतात. राख कनोए नेणार आहे. वेंडेलच्या फळीवरून, पाण्याला न शिवता नेणार म्हणते. मी म्हटलं, पडलीस तर? ती म्हणाली, "तर पापा थोडा आधी पोचेल." त्याचीच नात आहे.

दुपारी शेडमध्ये फळी उलटी टाकली. त्या दिवसापासून कुणी हात लावला नव्हता. रुळांत मीठ आणि वाळू. ब्रशने काढली. मग पाना घेऊन बोल्ट सैल करायला बसले. कनोए तरुण आहे, पंख तिच्या मापाने सरकवायला लागणार. मी तिला म्हटलं, उभी राहा काट्यावर. ती चप्पल काढून उभी राहिली.

मी खाली वाकून शेवटच्या खुणेवरचा आकडा बघत होते. ती काही बोलली नाही म्हणून वर पाहिलं.

"टूटू," ती म्हणाली, "हलवायला नको."

एकशे सत्तेचाळीस. पोर व्यवस्थित जेवते, वल्हवून दंड भरलेत. आणि खुणेपाशी माझ्या अक्षरात एकशे अठ्ठेचाळीस. एका पौंडाने पंखाला काही कळत नाही.

ती काट्यावरून उतरली, तिथेच फोमच्या भुशात बसून रडायला लागली. मी एकही बोल्ट अजून सैल केला नव्हता. पाना हातात होता. चारही बोल्ट एकेक करून आवळून पाहिले. घट्टच होते. मग परत एकदा पाहिले.